पाव कोणाचा?

आमच्या वर्ध्याच्या घरात पाव यायचा तो कुणाला ताप आला तरच. चहात बुडवलेली डबलरोटी म्हणजे आजाऱ्याचं खाणं. एरवी पावाला उंबरठा बंद होता, आणि तो बंद केला होता आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी. अंगात खादी, घरात जात्यावरचं पीठ आणि घाणीचं तेल, असा त्यांचा जन्मभराचा नेम. मैद्याला ते "मेलेलं पीठ" म्हणायचे. गोरसपाक तेवढा चालायचा. बिस्किट असलं म्हणून काय झालं, गायीच्या तुपातलं, आणि मुख्य म्हणजे वर्ध्याचं!

2008 साली सॅन होजेला भाचीकडे गेलो होतो. पहिल्याच शनिवारी ती म्हणाली, "मामा, चला, आज तुम्हाला पाव खाऊ घालते." मनात म्हटलं, इतक्या लांब येऊन पावच का? पण गेलो. एका व्हिएतनामी कुटुंबाचं छोटंसं दुकान होतं. हातभर लांब, बाहेरून कुरकुरीत पाव. आत तळलेलं टोफू, आंबवलेले गाजर-मुळ्याचे काप, काकडी, हिरवी मिरची आणि भरपूर सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्या-मुंबईच्या मंडळींनी गोंधळू नये). याला म्हणतात बान्ह मी. अडीच डॉलरला एक, आणि दोन घेतले की तिसरा फुकट. पाच डॉलरमध्ये तिघांचं पोट भरलं. अमेरिकेत इतकं स्वस्त जेवण मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मग या पावाचा शोध घेत बसलो, आणि गोष्ट भलतीकडेच गेली.

व्हिएतनाम हा भाताचा देश. पाव तिथे आणला फ्रेंचांनी. 1859 मध्ये त्यांनी सायगाव घेतलं आणि हळूहळू सगळा देश. गहू बाहेरून यायचा, त्यामुळे पाव साहेबाच्या टेबलावरच असायचा. लोक त्याला 'बान्ह ताय' म्हणत, म्हणजे पाश्चात्त्यांचा पाव. पुढे फ्रेंच हरले. 1954 च्या जिनिव्हा करारानं देशाचे दोन तुकडे झाले आणि आठ-दहा लाख माणसं उत्तरेतून दक्षिणेत आली. त्यात हनोईकडचं एक जोडपं होतं. त्यांनी 1958 मध्ये सायगावात 'होआ मा' नावाचं दुकान काढलं. आधी पाव आणि त्याच्यासोबतचं मांस ताटलीत वेगवेगळं देत. पण कामगारांना, विद्यार्थ्यांना बसून खायला वेळ कुठला? म्हणून सगळं पावाच्या पोटात भरून हातात द्यायला सुरुवात केली. साहेबाचा पाव गरिबाची न्याहारी झाला. नावही बदललं. 'बान्ह मी' म्हणजे नुसता गव्हाचा पाव. त्यातला साहेब निघून गेला!

1975 मध्ये सायगाव पडल्यावर निर्वासितांनी हाच पाव जगभर नेला. आज व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात नाहीत इतके व्हिएतनामी लोक सॅन होजेत आहेत. 2011 मध्ये हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशातही गेला.

आपली गोष्ट तरी कुठे वेगळी आहे? पाव हा शब्दच पोर्तुगीज. गोव्यात यीस्ट मिळेना म्हणून माडाची ताडी घालून पीठ फुगवलं. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेतच. त्याच पावात 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी बटाटेवडा ठेवला, असं मानतात. 1982 च्या गिरणी संपानंतर किती घरं त्या गाडीवर जगली! तिथेही वेळ नसलेला कामगार होता आणि त्याच्या खिशात मोजकेच पैसे.

आबाजी असते तर म्हणाले असते, "तरी तो मैदाच." खरं आहे. 1934 च्या डिसेंबरात वर्ध्यात ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत कुमारप्पांनी त्याचं काम उभं केलं. हातसडीचा तांदूळ, जात्याचं पीठ यांचा आग्रह तिथून घरोघर गेला. आमच्या घरातली पावबंदी तिथलीच.

पण गंमत पुढेच आहे. गांधीजींच्या आत्मकथेत वाचलं की जोहान्सबर्गला त्यांनी घरी हातचक्की आणली होती. तिच्यावर दळलेल्या कोंड्यासकट पिठाचा, न फुगवलेला पाव ते घरीच करत. म्हणजे बापूंचं भांडण पावाशी नव्हतंच. पीठ कोण दळतं आणि त्याचे पैसे कोणाच्या हातात जातात, हा त्यांचा प्रश्न होता. हे आबाजींना सांगायचं राहून गेलं. त्यांना पटलं असतं की त्यांनी मलाच जात्यावर बसवलं असतं, कोण जाणे.

सॅन होजेच्या त्या दुकानात आजी गल्ल्यावर होती, सून पाव भरत होती आणि नातू गिऱ्हाईक सांभाळत होता. पैसे घरातच राहत होते. तो ग्रामोद्योग नव्हे तर काय?

परवा घरी कणकेचा पाव आणला, गाजर-मुळा व्हिनेगरात मुरवला आणि टोफूऐवजी आलूबोंडा दाबून भरला. आई ऐंशीच्या पुढची. तिनं आधी नाक मुरडलं, मग अर्धा संपवून म्हणाली, "हे तं आपलंच लागते रे."

ताई, पुढच्या खेपेस वर्ध्याला आलीस की तुलाही करून घालतो. आबाजींच्या फोटोकडे पाठ करून बसू, म्हणजे झालं.