सुरगाण्यातील रुग्णसंवाद : भगतापासून आशाताईपर्यंत

सुरगाणा तालुक्यात आजारी माणसाने आपले दुखणे कोणाला आणि कोणत्या भाषेत सांगायचे, हा प्रश्न उपचाराइतकाच महत्त्वाचा ठरत आला आहे. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या या डोंगराळ तालुक्यात कोकणा, वारली, महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती आहे. घरात बोलली जाणारी कोकणी किंवा डांगी बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे.

सुरगाणा हे देशमुख घराण्याचे संस्थान होते, त्या काळात पाड्यावरच्या आजाऱ्याला आधार होता तो भगताचा आणि सुईणीचा. भगत दाणे पाहून निदान सांगे, झाडपाल्याचे औषध देई. त्याच्या उपायांना मर्यादा होत्या. पण तो रुग्णाच्याच बोलीत आणि घरच्यांसमोर बोलत असे. त्यामुळे भगताला काही सांगताना रुग्णाला संकोच वाटत नसे.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण आरोग्यसेवा त्यांच्याकडे आली. पुढे आदिवासी व डोंगरी भागासाठी २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असे प्रमाण ठरले. दवाखाना जवळ आला, तरी डॉक्टर बहुधा बाहेरगावचा असे. त्याला बोली कळत नसे आणि रुग्णाला औषधाच्या सूचना नीट उमगत नसत. भगताकडे जाऊन आल्याचे किंवा झाडपाला घेतल्याचे डॉक्टर रागावतील या भीतीने लपवले जाई, आणि निदानाला लागणारी माहितीच डॉक्टरपर्यंत पोहोचत नसे.

ही दरी गावातलाच माणूस भरून काढू शकतो, हे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये गावातल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन दाखवले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ कार्यकर्ती देशभर आणली. पाड्यावरची आशाताई बाळंतिणीची तक्रार परिचारिकेपर्यंत पोहोचवते आणि डॉक्टरांचे म्हणणे घरच्या बोलीत समजावते. भगताच्या उपायांवरही बंधन आले: साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेने आजाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क नोंदवला.

येथील संवादात स्थलांतराचाही विचार करावा लागतो. भात-नागलीचा हंगाम संपला की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर किंवा गुजरातेत मजुरीला जातात. पण क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिने चालतो, त्यामुळे तो मध्येच तुटण्याची भीती असते. कुठे आणि किती दिवस जाणार हे रुग्णाने आधी सांगितले, तर गोळ्यांची सोय तिथे करता येते. दुखणे केव्हा सुरू झाले, आधी कोणते औषध किंवा झाडपाला घेतला, गरोदरपण आहे का, घरात सिकलसेलचा रुग्ण आहे का, हेही न लपवता सांगावे लागते. डॉक्टरांनीही ते न रागावता विचारावे आणि गोळ्या कशा घ्यायच्या हे रुग्णाकडूनच पुन्हा वदवून घ्यावे. बोली येत नसल्यास आशाताईला किंवा परिचारिकेला सोबत बसवावे.