किनाऱ्याची वाट आणि वाऱ्याची आज्ञा

आपल्यापैकी बहुतेक घराण्यांची मुळे कोकणपट्टीत आणि पोटापाण्याचा उद्योग मुंबईत. या दोहोंना जोडणारी वाट पूर्वी प्रामुख्याने पाण्यावरची होती. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्यानंतर वाढलेल्या पिढीस 'बोटीने गावी जाणे' ही केवळ आजोबांची गोष्ट वाटते. म्हणून स्मरणिकेच्या चिटणिसांनी लेखाची आज्ञा केली तेव्हा हाच विषय निवडला.

किनाऱ्यालगतचा जलप्रवास दोन वाऱ्यांवर अवलंबून होता. रात्री जमीन समुद्राहून लवकर निवते, त्यामुळे पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो. शिडाचे गलबत मतलईवर खाडीबाहेर पडे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर वाट कापी. हा खारा वारा कोरड्या ऋतूत बहुधा वायव्येचा; त्यामुळे दक्षिणेस जाणे सुलभ, तर मुंबईकडे येणे कष्टाचे. आभाळाचा रंग पालटला की तांडेल जवळची खाडी गाठून नांगर टाकी. पावसाळ्यात होड्या ओढून शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा झाल्यावर त्या पुन्हा पाण्यात लोटीत.

या वाऱ्यापुढे राजाचेही चालत नसे. फेब्रुवारी 1665 मध्ये शिवाजी महाराज स्वतः 85 लहान गलबते व 3 मोठी जहाजे घेऊन मालवणाहून बसरूरच्या मोहिमेस गेले. परतताना वायव्येच्या जोरदार वाऱ्याने त्यांचा खोळंबा झाला, असे ग्रँट डफने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. ज्यांनी सिंधुदुर्ग बांधला, त्यांनाही समुद्राच्या मर्जीची वाट पाहावी लागली. त्यात त्यांचा कमीपणा मुळीच नव्हता.

पुढे आगबोटी आल्या. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत त्या गोव्यास जात. यंत्राने शिडाची गरज संपविली. परंतु हवामानाची सत्ता संपली नाही. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी पावसात काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईस वार्ताही लवकर कळली नाही. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून कित्येकांना वाचविले. स्वातंत्र्य अवघे एक महिन्यावर आले असता अनेक घरांतील कर्ती माणसे गेली.

माझ्या बालपणी, 1970 नंतरच्या दशकात, आम्ही बोटीने गावी जात होतो. देवगडास बोट बाहेर उभी राहिली. पण लाटा इतक्या उसळल्या होत्या की उतारूंना नेणारा पडाव बोटीस लागेना. अखेर बोट तशीच पुढे निघाली. घरी लग्नकार्य होते, वडील फार संतापले. शेजारी बसलेले एक वृद्ध तांडेल शांतपणे म्हणाले, "आज नाय तर फाल्यां जाशात. दर्या खंय पळान जाता?" आम्ही मालवणास उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी घरी पोहोचलो. लग्न लागून गेले होते. वडिलांना ती रुखरुख कायम राहिली. परंतु त्या तांडेलाविषयी ते पुढे नेहमी आदरानेच बोलत.

असो. वाऱ्यांचे, खाड्यांचे आणि खडकांचे हे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात पूर्णपणे आलेले नाही; ते वृद्धांच्या मुखी आहे आणि दरवर्षी एकेक मुख मिटत आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वडीलधाऱ्यांस आजच विचारावे, ते कोणत्या बंदरी उतरत, पडाव कोणाचा असे, वारा कशावरून ओळखीत. उत्तरे वहीत उतरवून संस्थेच्या कार्यालयात द्यावीत. पुढील स्मरणिकेत त्यांना स्थान मिळावे, अशी चिटणिसांस माझी नम्र विनंती आहे.