सही करण्याआधी एक दिवस

आधी पायाखालची माती बघा. काळी रेगडी आहे, विदर्भात असते तशीच. पावसात बुटाला शेरभर चिकटते, उन्हात भेगाळते. पण हा विदर्भ नव्हे. साल १९०९, महिना जूनचा, गाव नैरोबी. दहा वर्षांपूर्वी इथे दलदल होती आणि मसाईंची गुरं पाण्यावर येत. १८९९ मध्ये मोंबासाहून रूळ आले आणि बघता बघता पत्र्याच्या छपरांचं गाव झालं. खिशात हात घाला. रुपये निघतील, आपलेच, सातव्या एडवर्डच्या टकलाचे. इथला कारभार हिंदुस्थानी रुपयांत चालतो, पंधरा रुपयांना एक पौंड.

कातडी मात्र स्वतःची आणता येणार नाही. तुम्हाला नॉरफोक हॉटेलच्या व्हरांड्यात बसायचं आहे, आणि तिथे हिंदी माणसाला पाहुणा म्हणून खुर्ची मिळत नाही. तेव्हा आजच्यापुरती उसनी कातडी घ्या: इंग्रज जमीनदाराचा धाकटा मुलगा, वय पंचवीस, नवी कोरी दुनळी, स्कॉटलंडच्या डोंगरात मारलेली पाच-सहा हरणं. त्या डोंगरातही पुढे एक नोकर चालत होता आणि हरीण तोच दाखवत होता, हे तुम्ही सोयीस्कर विसरला आहात.

परवाना सकाळीच काढलात. पन्नास पौंड, म्हणजे साडेसातशे रुपये मोजले. कागदावर कोणतं जनावर किती मारायचं ते लिहिलं आहे. सिंह आणि बिबट्या यांना मात्र मर्यादा नाही, कारण सरकारदरबारी ते उपद्रवी. रुळांच्या दक्षिणेला राखीव रान, तिथे गोळी झाडायची नाही. इतपत सगळं कारकुनाने समजावलं. एवढंच विचारायचं राहिलं की बरोबर कोणाला न्यायचं.

व्हरांड्यात एकच विषय चालला आहे, रूझवेल्ट. अमेरिकेचं अध्यक्षपद सोडून महिना-दीड महिन्यात हा माणूस मोंबासाला उतरला आणि एप्रिलमध्ये कापिती स्टेशनावरून शिकारीला निघालासुद्धा. सोबत मुलगा कर्मिट, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ, आणि दोनशेहून अधिक हमाल. हमालांनी त्याचं नाव ‘ब्वाना टुंबो’ ठेवलं आहे, म्हणजे पोटवाले साहेब. त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही. तुम्ही भविष्यातून आला आहात म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: बापलेकांचा आकडा पुढे ५१२ जनावरांवर जाईल. पण व्हरांड्यात आज महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. एवढा माणूस, आणि त्यानेही वाटाड्या घेतला. आर. जे. कनिंगहॅम नावाचा दाढीवाला स्कॉटिश, आणि शिकारीच्या मोहिमा भरवणाऱ्या न्यूलँड अँड टार्ल्टन पेढीतला लेस्ली टार्ल्टन.

तुम्हाला हे खुपतं. रूझवेल्टकडे पैसा आहे. तुमच्याकडे नेमबाजी आहे, असं तुम्हाला वाटतं. सिंहाचं मुंडकं वडिलांच्या दिवाणखान्यात लावायचं, आणि कोणी विचारलं तर सांगायचं की गोळी माझी, पण जागा दुसऱ्याने दाखवली? छे.

मग हिंदी बाजारात जा. शिवणयंत्रावर गोव्याचा शिंपी तुमची खाकी विजार आखूड करतो आहे, तोवर शेजारच्या गुजराती दुकानदाराकडे हिशेब करा. दुकानाला इथले लोक ‘दुका’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’. उसन्या कातडीतही कान सुखावतात. दुकानदार कागद घेतो. साठ हमाल धरा. प्रत्येकाच्या डोक्यावर साठ पौंडांचं ओझं. प्रत्येकाला रोज दीड पौंड पोशो, म्हणजे भरडलेलं धान्य. म्हणजे रोज नव्वद पौंड, दिवसाला दीड ओझं. वीस दिवसांच्या मोहिमेला तीस ओझी झाली. तुमचे अर्धे हमाल स्वतःचंच जेवण वाहतात! उरलेल्या तिसांत तंबू, काडतुसं, औषधं, चहाची पेटी आणि तुमचा तो पत्र्याचा आंघोळीचा टब. परतीला कातडी आणि शिंगं वाहायची, ती वेगळीच. मांस मारून भागवाल, पण कोणत्या दिवशी, कुठे? पाणी कोणत्या ओढ्यात उरलं आहे? दोन टोळ्यांत मांसावरून जुंपली तर सोडवणार कोण? दुकानदार पेन्सिल कानावर ठेवतो. घोंगड्या तो कितीही देईल.

तुम्ही वाटाड्याचा विचार बंदुकीच्या बाजूने करत होता. त्याचा निम्मा धंदा वाण्याचा आहे.

मग न्यूलँड अँड टार्ल्टनच्या पेढीत या. तिथला गोरा शिकारी उन्हाने रापलेला, बोलायला कंजूष. तुम्ही त्याला सरळ विचारता, तुमची गरज काय? वाटाड्याचा करार तो तुमच्यापुढे सरकवत नाही, घडी घालून तुमच्याच खिशात कोंबतो. आधी एक दिवस चला, म्हणतो, मग सही करा. दौत कुठे पळून जात नाही.

इथे तुमच्या डोक्यातलं, भविष्यातलं एक नाव वर येतं. जॉर्ज ग्रे, ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांचा भाऊ, मुरलेला शिकारी. दीड-पावणेदोन वर्षांनी, १९११ च्या सुरुवातीला, इथूनच जवळ अथीच्या माळावर तो घोडा फार पुढे दामटेल, सिंह त्याला फाडेल आणि काही दिवसांनी नैरोबीत तो प्राण सोडेल. सिंहाच्या नखांत सडकं मांस असतं. जखम मोठी असो वा लहान, विष आत जातं, आणि १९०९ मध्ये त्यावर इलाज म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी. त्या ग्रे घराण्यातला आणखी एक भाऊ, चार्ल्स, १९२८ मध्ये आफ्रिकेतच रानरेड्याच्या शिंगांनी जाईल. हे कोणाला सांगू नका. सांगितलंत तरी व्हरांड्यातले हसतील.

पहाटे अथीच्या माळावर उभे आहात. शिकार म्हटल्यावर तुम्हाला मचाण आठवतं, हाका आठवतो, ढोल आणि डबे. इथे झाडच नाही तर मचाण कुठलं. सगळं पायी, गवतातून, वारा तोंडावर घेऊन. सर्वांत पुढे कांबा जमातीचा एक माणूस चालतो, वयाने पन्नाशीचा, तुमची दुसरी बंदूक त्याच्या खांद्यावर. अधूनमधून तो मूठभर माती बोटांतून सोडतो आणि ती कुठे वाहते ते बघतो. मग गवताच्या एका पट्ट्याकडे हनुवटीने दाखवतो. तुम्हाला गवत दिसतं. त्याला दिसतं की बाकी सगळीकडे दव आहे आणि या एका रेघेतलं पुसलं गेलं आहे.

रेघ कोरड्या ओढ्याकडे जाते. तुम्ही तिघं गुडघ्यावर, मग कोपरांवर. आणि तो समोर आहे. खरंच आहे. आयाळ गवताच्याच रंगाची, कान तेवढा हलतो आहे. शंभर पावलं असतील, तुम्ही मनात म्हणता. पाच हजार फुटांवरच्या या स्वच्छ हवेत ती शंभर दिसतात. आहेत दोनशेच्या आसपास. माशी त्याच्या खांद्यावर धरलीत, ती पोटाकडे घसरते, परत येते, पुन्हा घसरते. श्वास फार मोठा ऐकू येतो आहे.

पोटात गोळी बसली तर काय होईल, हे आता तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही. तो ओढ्यातल्या दाट गवतात शिरेल, आणि त्याच्यामागे कोणाला तरी शिरावं लागेल. ते काम रिवाजाने वाटाड्याचं. त्याच्या एक पाऊल मागे हा कांबा माणूस, हातात भरलेली दुसरी बंदूक, आणि त्याने ती झाडायचीही नाही आणि घेऊन पळायचंही नाही. तुम्ही पैसे मोजून बाहेर उभे राहाल. सिंह शंभर यार्ड चार-पाच सेकंदांत कापतो.

बोट चापावर आहे. गोरा शिकारी तुमच्याकडे बघत नाही, तो कांबा माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो आहे.

“न्गोजा,” कांबा माणूस ओठांतल्या ओठांत म्हणतो.

“थांबा,” गोरा शिकारी तुमच्या कानात तेच म्हणतो.

बोट चापावरून काढा. खिशातला करार घामाने ओला झाला आहे. सिंहावरून नजर न हलवता तुम्ही विचारता, “हा माणूस करारात आहे ना?”

“तो नसेल तर मीही नाही.”

कांबा माणूस पुन्हा मूठभर माती सोडतो. या वेळी ती सरळ खाली पडते.