चार दिवसांची धाकधूक

2 जून 1962. चिलीतल्या विन्या देल मार शहरातलं साउसालितो मैदान. ब्राझील विरुद्ध चेकोस्लोव्हाकिया. सामन्याचा अर्धा तासही झाला नसेल, पेलेने लांबून मारलेला फटका गोलखांबावर आदळला आणि त्याच फटक्यात त्याच्या जांघेतला स्नायू फाटला. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडूची मुभा नव्हती. जखमी माणसाने एक तर बाहेर जायचं, नाहीतर कडेला उभं राहून निदान आकडा तरी अकराचा ठेवायचा. एकवीस वर्षांचा पेले उरलेला सगळा वेळ लंगडत कडेला उभा राहिला. चेकोस्लोव्हाकियाचे मासोपुस्त, पोप्लुहार आणि लाला हे खेळाडू त्याच्याकडे चेंडू आला की दोन पावलं थांबत. त्याच्या दुखऱ्या पायावर कुणी चाल केली नाही. पेलेने पुढे आयुष्यभर त्यांचं नाव आदराने घेतलं. सामना 0-0 सुटला.

ब्राझीलमधल्या चाहत्यांना त्या क्षणी यातलं काहीच दिसलं नाही. एका खंडातून दुसऱ्या खंडात चित्र पोहोचवणारा टेलस्टार उपग्रह आकाशात गेला तो त्याच वर्षीच्या जुलैत, स्पर्धा संपल्यावर. चाहत्यांचा सगळा भरवसा रेडिओवर. रेडिओवर लंगडणं दिसत नाही. ज्याचं नाव मिनिटाला चारदा ऐकू यायचं, ते ऐकू येईनासं होतं आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

पुढचा सामना 6 जूनला, स्पेनशी. हरलो तर जगज्जेत्यांवर पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळण्याची पाळी येऊ शकणार. मधे चार दिवस.

फुटबॉलच्या इतिहासात गोल, करंडक आणि तारखा यांची नोंद चोख असते. अशा चार दिवसांची नोंद कुठे नसते. पण चाहता या दिवसांतच खरा जगतो. सामन्याच्या नव्वद मिनिटांत त्याला विचार करायला सवड नसते. आधीच्या दिवसांत मात्र तो डॉक्टर होतो, प्रशिक्षक होतो, ज्योतिषी होतो आणि देव पाण्यात घालूनही बसतो. ब्राझीलच्या त्या पथकाचे प्रमुख पाउलो माशादो दे कार्व्हाल्यो यांनी तर 1958च्या विजयाच्या वेळचाच तपकिरी सूट 1962 साली पुन्हा अंगावर चढवला होता. पथकाच्या प्रमुखाचीच ही कथा, तर रेडिओला कान लावून बसलेल्या सामान्य माणसाने काय काय केलं असेल!

पेलेच्या जागी आला अमारिल्दो. बोताफोगो क्लबचा, वय 22. स्पेनच्या संघात पुश्कास होता आणि प्रशिक्षक होता एलेनियो एरेरा. पण दुखापतीचं दुखणं स्पेनलाही होतंच. आल्फ्रेदो दी स्तेफानो संघाबरोबर चिलीला आला खरा, पण जखमी असल्यामुळे विश्वचषकात एक मिनिटही खेळू शकला नाही. म्हणजे त्या दिवशी दोन्ही देशांचे चाहते आपापल्या न खेळणाऱ्या माणसाची आठवण काढत होते. 35व्या मिनिटाला आदेलार्दोने गोल केला आणि स्पेन पुढे गेलं. मग निल्तोन सांतोसने आपल्या पेनल्टी क्षेत्रात कोयारला पाडलं आणि पंचांचं लक्ष जाण्याआधी एक पाऊल बाहेर टाकून तो उभा राहिला. पेनल्टीऐवजी साधी फ्री किक मिळाली. ब्राझील वाचलं. 72व्या आणि 86व्या मिनिटाला अमारिल्दोने दोन गोल केले, 2-1.

नेल्सन रोद्रिगेस या नाटककार-स्तंभलेखकाने अमारिल्दोला नाव दिलं, ‘झपाटलेला’. याच रोद्रिगेसने 1950 साली माराकानावर उरुग्वेकडून हरल्यापासून ब्राझिली माणसाच्या मनात बसलेल्या न्यूनगंडाला भटक्या कुत्र्याची उपमा दिली होती. बाहेरच्या जगापुढे आपण कमीच, ही ती भावना. पेले नाही म्हटल्यावर ती पुन्हा डोकं वर काढणार हे उघड होतं. पण पुढच्या सामन्यांत गारिंशाने इंग्लंडला दोन आणि चिलीला दोन गोल ठोकले. 17 जूनच्या अंतिम सामन्यात पुन्हा चेकोस्लोव्हाकियाच समोर. मासोपुस्तने पहिला गोल केला आणि दोनच मिनिटांत बरोबरी साधली ती अमारिल्दोने. ब्राझील 3-1 ने जिंकलं. पेले तोवर परतला नव्हता.

त्याच वर्षी अशीच एक धाकधूक भारतीय चाहत्यांच्याही वाट्याला आली. जाकार्तातल्या आशियाई स्पर्धेत सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाचा बचावपटू जर्नैलसिंग याचं डोकं थायलंडविरुद्धच्या सामन्यात फुटलं आणि टाके पडले. डोक्याने चेंडू परतवणं हे ज्याचं रोजचं काम, त्याच्याच कपाळावर पट्टी. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने पडलेला. रहीम स्वतः कर्करोगाने आजारी होते आणि पुढच्याच वर्षी गेले. त्यात प्रेक्षक विरोधात. इस्रायल आणि तैवान यांना यजमानांनी स्पर्धेबाहेर ठेवलं, त्यावर भारतीय क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी टीका केली होती आणि त्याचा राग मैदानावर निघत होता. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. गटातल्या पहिल्याच सामन्यात याच संघाने भारताला 2-0 हरवलेलं.

रहीम यांनी जर्नैलला घरी बसवलं नाही. उपांत्य सामन्यात त्याला बचावातून काढून थेट आघाडीला उभं केलं आणि अंतिम सामन्यातही तिथेच ठेवलं. उंच येणारे चेंडू पकडायला उंचापुरा थंगराज हवा, म्हणून अंथरुणातून उठलेल्या थंगराजला गोलमध्ये घातलं. 4 सप्टेंबरला पी. के. बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांच्या गोलांवर भारत 2-1 ने जिंकला. त्या अकरांत एक होता फोर्तुनातो फ्रांको. गोव्यातल्या कोलवाळचा जन्म, आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते.

इंग्लंडमध्ये या धास्तीचा दशकभराचा सराव होता. 1950च्या दशकात वेम्बलीवरच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात कुणीतरी जायबंदी होणार, असं लोक धरूनच चालत आणि त्याला वेम्बलीची बाधा म्हणत. 1952ला आर्सेनलचा वॉली बार्न्स गुडघा घेऊन बाहेर गेला. 1953ला बोल्टनच्या एरिक बेलच्या मांडीमागचा स्नायू गेला, तरी तो कडेला उभा राहिला आणि त्याच अवस्थेत त्याने हेडरने गोलही केला. 1956ला मँचेस्टर सिटीचा जर्मन गोलरक्षक बर्ट ट्राउटमन शेवटची सतरा मिनिटं मान मोडलेल्या अवस्थेत खेळला. मान मोडली आहे हे कळलं ते काही दिवसांनी, एक्स-रे काढल्यावर. पुढे 1957, 1959, 1960 आणि 1961लाही अंतिम सामन्यात कुणी ना कुणी मोडून पडलंच. इतकं होऊनही तिथल्या लीगमध्ये बदली खेळाडूचा नियम यायला 1965चा ऑगस्ट उजाडला, आणि तोही फक्त जखमी माणसाच्या जागी एक, एवढाच. विश्वचषकात ही मुभा 1970ला मिळाली.

या नियमाने चाहत्याचं मन बदललं, ही गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. पूर्वी दुखापत डोळ्यांदेखत व्हायची आणि तिचा हिशेबही बहुतेकदा तिथेच, त्याच संध्याकाळी मिटायचा. लंगडणाऱ्या माणसाला पाहून गळा दाटून यायचा, पण तो मैदानात असायचा. बदलीचा नियम आला, वैद्यकशास्त्र पुढे गेलं, बातम्यांचा वेग वाढला आणि दुखापत सामन्यातून निघून सामन्याच्या आधीच्या दिवसांत जाऊन बसली. चाहत्याचं दुःख लांबलं.

1966 हे या बदलाच्या उंबरठ्यावरचं वर्ष. 20 जुलैला फ्रान्सविरुद्ध जिमी ग्रीव्ह्जच्या नडगीला खोल जखम झाली. इंग्लंडसाठी 57 सामन्यांत 44 गोल करणारा हा माणूस. त्याच्याशिवाय तीन दिवसांनी अर्जेंटिनाला सामोरं जायचं, या कल्पनेनेच इंग्लिश चाहता हादरला. त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि त्या सामन्यातला एकमेव गोल त्यानेच केला. मग अंतिम सामन्याआधी वेगळीच धाकधूक सुरू झाली. ग्रीव्ह्ज बरा झाला होता, पण अल्फ रॅम्से यांनी हर्स्टला बदललं नाही. 30 जुलैला हर्स्टने तीन गोल केले, इंग्लंड 4-2 ने जगज्जेतं झालं आणि ग्रीव्ह्ज सूट घालून कडेला उभा होता. त्याला पदक मिळालं ते 2009 साली, फिफाने त्या काळच्या राखीव खेळाडूंनाही पदकं द्यायचं ठरवल्यावर. एका जखमेने एका माणसाच्या आयुष्याची दिशा बदलते आणि दुसऱ्याच्याही. त्या आठवड्यात ग्रीव्ह्जसाठी हळहळलेल्यांनी नंतर हर्स्टसाठी गळा फाडला, यात काही खोटेपणा नव्हता. दोन्ही वेळा ते मनापासूनच होतं.

लांबलेल्या दुःखाचा कळस 2002मध्ये झाला. 10 एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि देपोर्तिवो ला कोरुन्या यांच्या सामन्यात आल्दो दुशेरच्या धडकेने डेव्हिड बेकहमच्या डाव्या तळपायातलं एक लांब हाड मोडलं. तोवर मेटाटार्सल हा शब्द डॉक्टरांखेरीज फारसा कुणाला ठाऊक नव्हता. त्या महिन्यात तो इंग्लंडच्या शाळकरी पोरांच्याही तोंडी बसला. दुशेर अर्जेंटिनाचा, आणि इंग्लंडच्या गटात अर्जेंटिनाच. मग काय, चाहत्यांचा संशय आणि संताप भडकला. ‘द सन’ने बेकहमच्या पायाचं छायाचित्र छापलं आणि वाचकांना त्यावर हात ठेवून प्रार्थना करायला सांगितलं. विश्वचषकात इंग्लंडचा पहिला सामना 2 जूनला, म्हणजे 53 दिवस जीव टांगणीला.

बेकहम खेळला. 7 जूनला सापोरोत अर्जेंटिनाविरुद्धची पेनल्टी त्यानेच मारली आणि इंग्लंड 1-0 ने जिंकलं. पण 21 जूनला ब्राझीलविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर कडेच्या रेषेजवळ समोरून दोन पाय घसरत आले, तेव्हा तो उडी मारून बाजूला झाला. चेंडू ब्राझीलकडे गेला आणि त्या चालीतून रिव्हाल्दोने बरोबरी केली. हाड जुळलं होतं, भीती मात्र गेली नव्हती. पाहणाऱ्यांना ते टीव्हीवरही दिसलं.

त्याच स्पर्धेत फ्रान्सच्या चाहत्यांना पाचच दिवस मिळाले. 26 मेला सरावाच्या सामन्यात झिनेदिन झिदानच्या मांडीला दुखापत झाली, 31 मेला सेनेगलने गतविजेत्यांना 1-0 हरवलं. तिसऱ्या सामन्यात झिदान मांडीला पट्ट्या बांधून उतरला, पण फ्रान्स एकही गोल न करता घरी गेलं.

आणि मग पुन्हा ब्राझील, पुन्हा चार दिवस.

4 जुलै 2014. फोर्तालेझात कोलंबियाविरुद्धचा सामना संपत आला असताना झुन्यिगाचा गुडघा नेमारच्या पाठीत बसला. कमरेतला तिसरा मणका मोडला. ब्राझील 2-1 ने जिंकलं, पण आनंद मैदानातच विरला. कप्तान तियागो सिल्वा दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे पुढच्या सामन्याला नव्हताच. उपांत्य सामना 8 जुलैला बेलो ओरिझोंतेला, जर्मनीशी.

1962च्या चाहत्याकडे रेडिओ आणि वर्तमानपत्र होतं. 2014च्या चाहत्याने नेमारला स्ट्रेचरवर रडताना पाहिलं, त्याला हेलिकॉप्टरने नेताना पाहिलं, आणि तेच तेच दृश्य चार दिवस पुन्हा पुन्हा पाहिलं. सामन्याच्या दिवशी लोक नेमारचे मुखवटे घालून आले. राष्ट्रगीताच्या वेळी दाविद लुईझ आणि गोलरक्षक झुलियो सेझार यांनी नेमारचा 10 क्रमांकाचा शर्ट हातांत धरला होता. जिवंत माणसासाठी सबंध देश शोक करत होता. नेमारच्या जागी उतरलेला बर्नार्ड याच शहरातल्या अत्लेतिको मिनेरो क्लबमधून वर आलेला, घरचा पोरगा. पण त्या संध्याकाळी त्याच्याकडे बघायला कुणाला सवड होती? 1962मध्ये लोकांनी अमारिल्दोवर भार टाकला होता, कारण दुसरा इलाज नव्हता. 2014मध्ये सगळ्यांची नजर त्या रिकाम्या शर्टावरच खिळलेली.

भारतात तेव्हा 9 जुलैची पहाट, दीड वाजलेला. कोल्हापुरात विश्वचषक आला की पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे समोरासमोर लागतात. तालमींचे स्वतःचे फुटबॉल संघ असलेलं हे गाव. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांच्या सामन्याआधी कोण खेळणार, कोणाचा पाय दुखावला, याची चर्चा कट्ट्यांवर होतेच. त्या पहाटे ब्राझीलचा पिवळा शर्ट घालून जागलेल्या कोल्हापूरकराला नेमारचं नसणं समजावून सांगायची गरज नव्हती.

29 मिनिटांत पाच गोल. शेवटी 7-1. जर्मनीच्या सातव्या गोलाला, शुर्लेच्या फटक्याला, मैदानावरच्या ब्राझिली प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या.

चार दिवसांनी, 12 जुलैला, ब्रासिलियात तिसऱ्या क्रमांकासाठी नेदरलँड्सशी सामना झाला आणि ब्राझील 3-0 ने हरलं. पहिल्या अकरांत बर्नार्ड नव्हता. नेमार मात्र आला होता. मोडलेल्या मणक्यानिशी सहकाऱ्यांबरोबर तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला होता आणि समोर तिसरा गोल झाला तेव्हाही तिथेच होता.