वनौषधिवैद्य, पाश्चात्त्य व चिनी

पाश्चात्त्य व चिनी या उभय वनौषधिपद्धतींचा व्यवसाय आणि अध्यापन करणारा चिकित्सक. ब्रिटनमध्ये अशा वैद्यांची संघटना १८६४ मध्ये स्थापन झाली आणि १९६८ च्या औषध कायद्याने, रुग्णास समक्ष तपासून स्वतः औषध बनवून देण्याची मुभा त्यांना राहिली. चिनी वैद्य ली शिचन याच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील १,८९२ द्रव्ये हा चिनी अध्ययनाचा आधार असला, तरी अध्यापकाचे खरे दायित्व, वाळलेले मूळ आडवे कापून त्याची वलये, गंध व रुची विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडणे, हेच होय. कारण ब्रुसेल्समध्ये वजन घटविण्याच्या उपचारांत स्टेफानिया या वनस्पतीच्या मुळाजागी अ‍ॅरिस्टोलोकियाचे मूळ गेल्याने शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे विकारग्रस्त झाल्याचे १९९३ पासून उघडकीस आले. पुढे ब्रिटनने अ‍ॅरिस्टोलोकियाच्या औषधी वापरावर बंदी घातली.