तांबडे, ठळक, तिरपे : देवनागरी मजकुरातील शब्दविशेषाचा इतिहास
(हस्तलिखित पोथीपासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत, नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : देवनागरी, मुद्रण, खिळा, युनिकोड, मोबाईल अ‍ॅप, नंदुरबार

प्रस्तावना

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण झाले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी या कार्यक्रमास उपस्थित होते. आधारच्या पत्रावर नाव व पत्ता इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही छापलेला असतो. परंतु त्यावर सर्वप्रथम नजरेत भरतो तो बारा अंकी क्रमांक. तो मोठ्या, ठळक आकड्यांत, चार-चार अंकांचे तीन गट पाडून छापला जातो. आकडे देवनागरी नसतात. पत्रातील कोणता मजकूर धारकाने जपावा आणि कोणता केवळ वाचून सोडावा, याचा निर्णय आकार आणि जाडी यांच्याद्वारे आधीच झालेला असतो.

मजकुरातील एखाद्या शब्दाला इतरांहून वेगळे रूप देणे ही क्रिया वरवर पाहता सजावटीची वाटते. आज मोबाईल अ‍ॅप तयार करणारा तंत्रज्ञ एका आज्ञेने ती पार पाडतो. तथापि या क्रियेला देवनागरीत दीर्घ इतिहास आहे, आणि तो रोमन लिपीच्या इतिहासाहून भिन्न आहे. मोबाईलच्या पडद्यावर शब्द उठावदार करण्याची साधने बहुतांशी रोमन लिपीच्या परंपरेतून आली. ती देवनागरीस जशीच्या तशी लावल्याने काय घडते, आणि त्याचा परिणाम नव्याने साक्षर होणाऱ्या वाचकावर कसा होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पोथी आणि मोडी : शब्द वेगळा नसतानाचा काळ

एखादा शब्द उठून दिसावयाचा असेल तर तो आधी शेजारच्या शब्दापासून सुटा असावा लागतो. जुन्या देवनागरी पोथ्यांत ही अट पूर्ण होत नसे. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत नव्हती. शिरोरेखा सलग चालत असे. मोडीत तर आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत, आणि तेथेही शब्द तोडले जात नसत. वाचकाने अर्थाच्या आधारे शब्द वेगळे करावेत अशीच अपेक्षा होती.

अशा मजकुरात विशेष स्थळ दाखविण्याचे काम रंगाकडे होते. अध्यायाचा समारोप, बोलणाऱ्याचे नाव, श्लोकाचा दंड व क्रमांक हे हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहीत, किंवा काळ्या अक्षरांवर गेरूचा हात फिरवीत. याउलट चुकलेला मजकूर झाकण्यासाठी पिवळी हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार मराठीत आजही वापरात आहे. त्याचे मूळ पोथीलेखनाच्या याच व्यवहारात आहे. म्हणजे तांबडा रंग लक्ष वेधण्यासाठी आणि पिवळा रंग रद्द करण्यासाठी, अशी व्यवस्था लेखकवर्गात रूढ होती. जाडी किंवा तिरपेपणा यांना या व्यवस्थेत स्थान नव्हते. बोरूच्या टोकाची रुंदी एका हस्तलिखितात साधारणपणे एकच राहत असे.

मुद्रणाचा काळ : खिळ्याने घातलेली मर्यादा

विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. पुढील वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकर यांचे 'दर्पण' सुरू झाले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी येत असे. मराठी वाचकाला दोन लिपींची छपाई एकाच पानावर तुलनेने पाहण्याची संधी त्यातून मिळाली.

मुद्रणामुळे दोन बदल झाले. पहिला असा की शब्दांमधील मोकळी जागा आणि विरामचिन्हे हळूहळू रूढ झाली. विरामचिन्हांच्या प्रसारात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा मानला जातो. शब्द सुटा झाला, आणि अवतरणचिन्हांत घालून तो वेगळा दाखविणेही शक्य झाले. दुसरा बदल असा की तांबडी शाई महाग पडू लागली. प्रत्येक रंगासाठी कागद यंत्रातून पुन्हा काढावा लागे. त्यामुळे पोथीतील रंगाचे काम छापील पानावर आकाराने व जाडीने उचलले.

मात्र जाडीचीही किंमत होती. रोमन लिपीच्या मुद्रकाला ठळक किंवा तिरप्या अक्षरांचा वेगळा संच तुलनेने थोड्या खिळ्यांत मिळे. देवनागरीत मात्रा, उकार, रफार व जोडाक्षरे धरून एका संचात शेकडो खिळे लागत. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवनागरी टाइपाचा नवा मानदंड निर्माण केला; परंतु प्रत्येक आकारासाठी व प्रत्येक जाडीसाठी हे सर्व खिळे पुन्हा ओतावे लागत. लहान गावातील छापखान्यास हे परवडणारे नव्हते. त्यामुळे जुळारी एखादा शब्द वेगळा दाखविताना बहुधा मोठ्या आकाराचे खिळे किंवा अवतरणचिन्हे वापरी.

तिरप्या अक्षरांची गोष्ट आणखी निराळी आहे. रोमन लिपीतील तिरपे वळण व्हेनिस येथे आल्डस मनुतियस याने १५०१ च्या सुमारास छपाईत आणले. ते तत्कालीन हस्ताक्षरावरून घडविलेले होते. अक्षरांची रूपेच वेगळी होती. देवनागरीस अशी समांतर परंपरा नाही. देवनागरीतील तिरपे अक्षर हे बहुधा सरळ अक्षर यंत्राने कललेले असते. रोमन लिपीतील मोठ्या लिपीतील अक्षरांनाही देवनागरीत प्रतिरूप नाही. इंग्रजीत केवळ मोठ्या अक्षरांत लिहून दिलेला इशारा मराठीत त्या मार्गाने देता येत नाही.

टंकलेखन आणि संगणक

सरकारी कचेऱ्यांत टंकलेखन यंत्र आल्यावर एकच जाडी व एकच आकार उरला. शब्द वेगळा दाखविण्यासाठी त्याखाली रेघ मारणे हा मुख्य उपाय ठरला. 'अधोरेखित करणे' हे क्रियापद पुढे लाक्षणिक अर्थानेही रुळले. पण देवनागरीत ही रेघ उकार, ऋकार व हलन्त यांना छेदते. अक्षरांमध्ये अंतर वाढविण्याचा दुसरा उपायही अडचणीचा, कारण त्यात शिरोरेखा तुटते.

संगणकाच्या काळात पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट तंत्रज्ञान, १९९१ ची इस्की ही भारतीय प्रमाण संहिता आणि त्याच वर्षी आलेली युनिकोडची पहिली आवृत्ती हे महत्त्वाचे टप्पे होत. युनिकोडने अक्षराची ओळख आणि अक्षराचे रूप यांची फारकत केली. 'क' हा 'क'च असतो. तो जाड की बारीक हे संहिता सांगत नाही. याला एक अपवाद घडला. गणितीय लेखनासाठी २००१ मध्ये रोमन व ग्रीक अक्षरांची ठळक व तिरपी रूपे स्वतंत्र संकेतांकांसह समाविष्ट झाली. समाजमाध्यमांवर इंग्रजी नावे ठळक दाखविण्यासाठी अनेक जण आज हीच रूपे वापरतात. देवनागरीसाठी तशी सोय नाही. म्हणून मराठी शब्दाचे रूप सर्वस्वी टंक आणि आज्ञावली यांवर अवलंबून राहते.

टंकाच्या बाबतीतही विलंब झाला. र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर आला आणि लाखो संगणकांवर मराठीचा नेहमीचा चेहरा झाला. परंतु त्याचे खरे ठळक रूप विंडोज ७ बरोबर, म्हणजे २००९ मध्ये, उपलब्ध झाले. तोपर्यंत 'ठळक' अशी आज्ञा दिल्यावर संगणक मूळ अक्षर फुगवून दाखवीत असे. देवनागरीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' या जोड्यांतील भेद शिरोरेखेतील लहानशा खंडावर अवलंबून आहे. अक्षर फुगविले की हा खंड बुजू लागतो. ठळक केलेला शब्द अधिक स्पष्ट होण्याऐवजी अधिक संदिग्ध होतो.

मोबाईलच्या पडद्यावरील शब्द

अँड्रॉइड प्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे नीट उमटत नसत. २०११ मधील चौथ्या आवृत्तीपासून परिस्थिती पालटली. पुढे मुंबईच्या एक टाइप संस्थेचा 'मुक्ता', गूगलचा 'नोटो' असे अनेक जाडींत घडविलेले मुक्त टंक उपलब्ध झाले. फुगविलेल्या अक्षराचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. तथापि लिपीचे आणि व्याकरणाचे दोन प्रश्न राहिले.

पहिला प्रश्न मोजणीचा. वाक्यातील एका शब्दाला रंग वा जाडी देताना आज्ञावलीस आरंभ व शेवट आकड्यांत सांगावा लागतो, आणि ही मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसून संकेतांकांची असते. 'नंदुरबार' या शब्दात वाचकाला पाच अक्षरे दिसतात. यंत्राच्या लेखी ते आठ घटक आहेत. 'अक्कलकुवा' यातही अक्षरे पाच, पण घटक नऊ. मोजणी चुकून ठळकपणाची सीमा 'क्क' या जोडाक्षराच्या मध्ये पडली, तर जोडाक्षर फुटते आणि हलन्त उघडा पडतो.

दुसरा प्रश्न विभक्तीचा. अ‍ॅपमधील वाक्य बहुधा साच्यासारखे असते. त्यात गावाचे नाव रिकाम्या जागी भरले जाते व ते ठळक केले जाते. इंग्रजीत नाव बदलत नाही, म्हणून ही युक्ती चालते. मराठीत नामाचे सामान्यरूप होते : शहादा – शहाद्यात, तळोदा – तळोद्यात, नवापूर – नवापुरात. साच्यात 'शहादा' भरून पुढे प्रत्यय जोडला तर भाषा बिघडते. नाव ठळक व प्रत्यय साधा ठेवला तर एकच शब्द दोन तुकड्यांत दिसतो. सरकारी मराठीने यावर 'शहादा येथे' असा तोडगा पूर्वीच काढलेला आहे. कचेरीची म्हणून हिणवली जाणारी ही रचना अ‍ॅपच्या साच्यास मात्र उपकारक ठरते, कारण तीत नाव अखंड राहते.

नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्याच्या सुमारे ८२ टक्क्यांच्या मानाने बरेच कमी होते. भिली, पावरी, मावची, देहवाली या भाषा घरात बोलणाऱ्या अनेकांसाठी प्रमाण मराठी ही शाळेत भेटलेली भाषा आहे. असा वाचक पडद्यावरील सर्व मजकूर सारख्या वेगाने वाचत नाही. तो ओळखीचा शब्द शोधतो. कोणता शब्द ठळक आहे यावर त्याचे आकलन मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

अंगणवाडीच्या कामात हे विशेष जाणवते. कुपोषित बालकांचे 'तीव्र कुपोषित' आणि 'मध्यम कुपोषित' असे वर्गीकरण केले जाते. दोन्हींत 'कुपोषित' हा शब्द समान आहे; बालकावरील उपचाराची दिशा पहिल्या शब्दाने ठरते. दंडघेराच्या पट्टीवर हाच भेद रंगाने दाखविला आहे : ११.५ सेंटिमीटरच्या खाली तांबडा, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. पोथीतील तांबड्या शाईप्रमाणे येथेही रंग हीच खूण आहे. अशा नोंदीच्या पडद्यावर संपूर्ण शब्दसमूह ठळक केला तर भेद झाकला जातो. केवळ 'तीव्र' हा शब्द उठावदार केला तर तो समोर येतो. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमधील इंग्रजी मजकुराविषयी राज्यातील अंगणवाडी सेविकांनी आक्षेप घेतला आणि हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. भाषेचा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला. मराठी मजकूर मिळाल्यानंतर त्यातील कोणता शब्द आधी दिसावा, हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग होय.

येथे आणखी एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. ज्यांना वाचता येत नाही ते मजकूर फोनकडून वाचून घेतात. वाचून दाखविणारी यंत्रणा सामान्यतः जाडी किंवा रंग यांचा उच्चार करीत नाही. केवळ रूपाने दिलेला इशारा ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही; तो वाक्याच्या शब्दांतही असावा लागतो.

निष्कर्ष

१. देवनागरीत शब्दाला विशेष रूप देण्याची जुनी रीत रंगाची होती. मुद्रणाच्या आर्थिक गणितामुळे ती आकार व जाडी यांकडे वळली.

२. तिरपेपणा, मोठी लिपी व अक्षरांतर ही रोमन लिपीतील साधने देवनागरीच्या घडणीस अनुकूल नाहीत. खास घडविलेली जाडी, रंग आणि आकार ही साधने अधिक योग्य ठरतात.

३. मराठी अ‍ॅपमध्ये ठळकपणाची सीमा अक्षराच्या व प्रत्ययासह पूर्ण शब्दाच्या कडेवर असावी. इंग्रजी वाक्याच्या मोजमापावरून ती ठरवू नये.

४. कोणता शब्द ठळक करावा हा निर्णय केवळ तंत्रज्ञाचा नसावा. ज्या सेविकेला, शेतकऱ्याला किंवा विद्यार्थ्याला तो पडदा वाचावयाचा आहे, त्यांना तो आधी वाचावयास देऊन मग निर्णय घ्यावा.

टेंभली येथे २०१० मध्ये दिल्या गेलेल्या पत्रावर क्रमांक ठळक होता, कारण व्यवस्थेला तो हवा होता. पोथीच्या लेखकाने मात्र तांबडी शाई वाचणाऱ्याच्या सोयीसाठी वापरली होती. मोबाईलच्या पडद्यावर आज दोन्ही रीती उपलब्ध आहेत. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जेथे अनेक घरांतील वाचनाची पहिलीच पिढी हा पडदा वाचत आहे, तेथे दुसरी रीत स्वीकारणे अधिक निकडीचे आहे.