कांगोची साक्ष

परराष्ट्र धोरण हा राजे, मंत्री आणि वकिलाती यांचा प्रांत समजला जातो. परंतु एका पत्रकाराच्या लेखणीने ब्रिटनसारख्या साम्राज्याला आपले धोरण बदलावे लागले, अशीही इतिहासाची साक्ष आहे. ही साक्ष आपण मात्र नीट तपासून घेतली पाहिजे.

१८८५ पासून कांगो ही बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खाजगी मालमत्ता होती. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय इतिहासकार व पत्रकार १८९० मध्ये तेथे गेला. फसवून घेतलेल्या जमिनी, जाळलेली गावे, माणसांची खरेदी-विक्री हे सारे त्याने राजाला लिहिलेल्या जाहीर पत्रात मांडले. बेल्जियमच्या वृत्तपत्रांनी उलट त्याचीच बदनामी केली. १८९१ मध्ये तो वारला. एकाही सरकारचे धोरण हलले नाही.

दहाएक वर्षांनी तेच सत्य ई. डी. मोरेल या गोऱ्या कारकुनाला जहाज कंपनीच्या हिशेबात सापडले. कांगोहून अँटवर्पला रबर आणि हस्तिदंत येई; परत जात त्या मुख्यतः बंदुका आणि काडतुसे. मोबदल्याचा माल जातच नव्हता. म्हणजे ही सरळसरळ वेठबिगारी होती! मोरेलने नोकरी सोडली आणि १९०३ मध्ये ‘वेस्ट आफ्रिकन मेल’ काढले. त्याच वर्षी कॉमन्स सभेने ठराव केला, सरकारने रॉजर केसमेंटला चौकशीस धाडले, आणि १९०४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९०८ मध्ये लिओपोल्डला कांगो सोडावा लागला. बेल्जियमच्या ताब्याला ब्रिटनने १९१३ पर्यंत मान्यता दिली नाही.

मोरेलचे धैर्य निर्विवाद आहे. पण त्याच्या पाठीशी मुक्त व्यापार हवा असलेले लिव्हरपूलचे व्यापारीही होते. प्रस्थापितांचा स्वार्थ आणि शोषितांचे सत्य एका दिशेला आले, तेव्हाच धोरण बदलले. शिवाय कांगो स्वतंत्र झाला नाही. फक्त मालक बदलला.

राजाच्या चौकशी आयोगापुढे लोंटुलू नावाच्या मुखियाने ११० काटक्या मांडल्या. एक काटकी म्हणजे मारला गेलेला एक माणूस. अशा साक्षी छापल्याच गेल्या नाहीत. कित्येक दशके त्या ब्रुसेल्सच्या दप्तरात बंद राहिल्या.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ का काढला, याचे उत्तर या काटक्यांतही आहे. दुसऱ्याने आपले दुःख छापले तर कदाचित मालक बदलतो. गुलामगिरी मोडायची तर साक्षही आपली हवी आणि छापखानाही आपलाच हवा.